तिथीची पाऊणकी : समुद्रकाठच्या तीन दिवसांचा एक पाठ



सहावीच्या वर्गात अपूर्णांक सुरू झाले की दरवर्षी एक प्रश्न ठरलेला असतो. "बाई, हे पाऊण, सव्वा, दीड आता कुठं लागतं?" मोबाईलवर सगळं दशांशात दिसतं, वजनकाटा आकडे दाखवतो, मग मुलांचं तरी काय चुकतं? पूर्वी मी पाऊण लिटर दूध, सव्वा किलो साखर अशी उत्तरं देऊन वेळ मारून न्यायची. आता माझं उत्तर वेगळं आहे. "समुद्रावर लागतं. आणि तिथं हिशोब चुकला तर मार्क जात नाहीत, जीव जातो."

हे उत्तर मला पुस्तकात मिळालेलं नाही. ते कसं मिळालं, ते आधी सांगते. मग एका लाँग वीकेंडला आम्ही त्याचा पाठ कसा केला ते सांगते. शेवटी वर्गात घेण्यासारखे उपक्रम दिले आहेत.

आधी माझी चूक

आम्ही पनवेलकर. कोकणात जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६६ आमच्याच गावापासून सुरू होतो. त्यामुळे सुट्टी लागली की पळस्पे फाट्यावरून गाडी आपोआप अलिबागकडे वळते. २०२२ च्या नाताळच्या सुट्टीत आम्ही असेच गेलो. मोठी मुलगी सहावीत, धाकटा दुसरीत. अलिबागला उतरलो, समोर कुलाबा किल्ला दिसला, लोक चालत जाताना दिसले, म्हणून आम्हीही चालत निघालो. किल्ल्यात पोचायला अकरा वाजले. गणपतीचं देऊळ पाहिलं, समुद्राच्या मधोमध असलेली गोड्या पाण्याची विहीर पाहिली, तोफा पाहिल्या, फोटो काढले. साडेबारानंतर बाहेर आलो तर येताना जिथं ओली वाळू होती तिथं पाणी हलत होतं.

"घोट्याएवढंच आहे, चला पटकन," असं म्हणून आम्ही निघालो. अर्ध्या वाटेत पाणी माझ्या कमरेला लागलं. मोठीच्या छातीपर्यंत आलं. धाकटा यजमानांच्या खांद्यावर. पायाखालची वाळू सरकत होती आणि दगडांवरचं शेवाळ दिसत नव्हतं. माझ्या तोंडातून शब्द फुटेना. मागून एक वयस्कर कोळीकाका होडी घेऊन आले, त्यांनी मोठीचा दंड धरला, आम्हाला होडीच्या कडेला धरायला लावलं आणि काठावर आणून सोडलं.

काठावर बसून त्यांनी मला एकच विचारलं. "बाय, आज तिथी कुठली ते बघितलंस का?"

मी म्हटलं, नाही.

"आज पंचमी. पाच पाऊण पावणेचार. पावणेचारला पुरी भरती. म्हणजे सुकती पावणेदहाला होऊन गेली. तुम्ही गेलात तेव्हाच पाणी परत फिरलं होतं."

मी गणिताची शिक्षिका. माझ्या आजीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी तोंडपाठ होती आणि तिनं ती माझ्याकडूनही पाठ करून घेतली होती. पाच पाऊण पावणेचार हे मला झोपेत विचारलं असतं तरी आलं असतं. पण पाढा पाठ असणं आणि तो कशासाठी आहे हे माहीत असणं यात किती अंतर असतं, ते मला त्या दिवशी ओल्या कपड्यांत कळलं.

नियम काय आहे?

आपल्या किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांचा हा जुना ठोकताळा. चालू पक्षातली तिथी घ्यायची, तिला पाऊणने गुणायचं. जे उत्तर येईल तितक्या वाजता भरती पूर्ण होते. दिवसा एकदा आणि रात्री एकदा. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण पक्ष, हिशोब तोच.

प्रतिपदा : भरती पाऊण वाजता, ओहोटी पावणेसातला
द्वितीया : भरती दीडला, ओहोटी साडेसातला
तृतीया : भरती सव्वादोनला, ओहोटी सव्वाआठला
चतुर्थी : भरती तीनला, ओहोटी नऊला
पंचमी : भरती पावणेचारला, ओहोटी पावणेदहाला
षष्ठी : भरती साडेचारला, ओहोटी साडेदहाला
अष्टमी : भरती सहाला, ओहोटी बाराला
दशमी : भरती साडेसातला, ओहोटी दीडला
द्वादशी : भरती नऊला, ओहोटी तीनला
पौर्णिमा किंवा अमावस्या (१५) : भरती सव्वाअकराला, ओहोटी सव्वापाचला

यामागचं विज्ञान भूगोलाच्या पुस्तकात आहेच. भरती-ओहोटी मुख्यतः चंद्राच्या आकर्षणामुळे होते. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करते तोवर चंद्रही थोडा पुढे सरकलेला असतो. त्याला गाठायला पृथ्वीला आणखी सुमारे ५० मिनिटं लागतात. म्हणून आजच्यापेक्षा उद्याची भरती साधारण तेवढी उशिरा. आपली तिथी तर चंद्राच्याच चालीवर मोजलेली. मग तिथीवरून भरती काढता येणं हा चमत्कार नाही, ते साधं त्रैराशिक आहे.

सहलीची तयारी

२०२४ साली २६ जानेवारी शुक्रवारी आली. शुक्र, शनि, रवि अशी तीन दिवसांची सुट्टी. आमचं चौघांचं कुटुंब आणि माझ्या सहकारी बाईंचं तिघांचं, असे सात जण निघायचे ठरले. मुक्काम नागावला, एका नारळी-पोफळीच्या वाडीत, तंबू ठोकून. जेवण शक्यतो आपल्या हातचं आणि मासे तिथल्याच बाजारातले.

यावेळी गाडीत सामान भरण्याआधी मुलांच्या हातात कॅलेंडर दिलं. पौष पौर्णिमा गुरुवारी, २५ तारखेला. म्हणजे शुक्रवारी प्रतिपदा, शनिवारी द्वितीया, रविवारी तृतीया. मुलांनी तिन्ही दिवसांच्या भरती-ओहोटीच्या वेळा काढून एका पुठ्ठ्यावर लिहिल्या आणि त्यावरूनच सहलीचं वेळापत्रक बसवलं. आधी हॉटेल, मग वेळ, असं नाही. आधी समुद्र, मग आपण.

मोठीनं एक शंका काढली. "आई, पंधरा तिथींत भरती बारा तास पुढे जाते ना? मग एका तिथीला १२ भागिले १५, म्हणजे ४८ मिनिटं. पाऊण तास म्हणजे तर ४५. तीन मिनिटं कुठं गेली?"

मी थक्क झाले. खरंच, दर तिथीला तीन मिनिटं राहून जातात आणि पंधराव्या तिथीपर्यंत ती पाऊण तास होतात. म्हणूनच पौर्णिमेला पाऊणकीनं सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात भरती बाराच्या आसपास असते. मग लोकांनी चार पंचमांशाचा पाढा का नाही केला? कारण होडीवर उभं राहून, हातात वल्हं असताना पाऊणकी चटकन येते. अंदाज किती चुकतो हे माहीत असेल, तर सोपा अंदाज वापरायला हरकत नसते. आसन्न किंमत हा भाग शिकवायला मला याहून चांगलं उदाहरण आजवर सापडलेलं नाही.

पहिला दिवस : वाळूवरची रेघ

झेंडावंदन आटोपून साडेदहाला पनवेल सोडलं. पेणपर्यंत ठीक, वडखळला नेहमीची गर्दी. नागावला पोचायला दोन वाजून गेले. पाऊण वाजता भरती होऊन गेलेली, पाणी उतरत होतं. मुलांनी एक काठी पाण्याच्या कडेला रोवली आणि दर अर्ध्या तासानं नवी काठी रोवत गेली. सुरुवातीला काठ्या जवळजवळ होत्या. मग अंतर वाढत गेलं. सूर्य बुडायच्या सुमाराला ते पुन्हा कमी झालं.

यातून दुसरा धडा मिळाला. पाणी सहा तासांत सारख्या वेगानं चढत-उतरत नाही. दर्यावर्दी लोक यासाठी बाराव्या भागाचा नियम वापरतात. एकूण चढ-उताराचे बारा भाग केले, तर पहिल्या तासात १ भाग, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ३, चौथ्यात ३, पाचव्यात २ आणि सहाव्यात १. समजा पाणी ४ मीटर चढणार आहे. पहिल्या तासात ते सुमारे ३३ सेंटिमीटर चढेल, दुसऱ्या तासात ६७ आणि तिसऱ्या तासात थेट १ मीटर. पहिला तास फसवा असतो. "घोट्याएवढंच आहे" असं मी म्हणाले होते ना, ती दुसऱ्या-तिसऱ्या तासाची वेळ होती.

किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट दाखवायची असते. शिंपले, काड्या, सुकलेलं शेवाळ, प्लास्टिकचे तुकडे यांची वाळूवर एक लांबच लांब रेघ असते. ती कालच्या भरतीनं केलेली सही. त्या रेघेच्या समुद्राकडच्या बाजूला काहीही ठेवायचं नाही. आमचे तंबू सुरूच्या बनामागे वाडीत होते. पण संध्याकाळी चार-पाच कॉलेजची मुलं रेघेच्या खाली, सपाट छान वाळू बघून तंबू ठोकत होती. धाकटा त्यांच्याकडे पुठ्ठा घेऊन गेला आणि म्हणाला, "दादा, रात्री एकच्या सुमाराला इथं पाणी येणार." ती हसली. मी आणि वाडीचे मालक दोघं गेलो, ती रेघ दाखवली, तेव्हा कुठं त्यांनी तंबू उचलून वाडीत आणले.

रात्री आम्ही पोपटी लावली. जानेवारीत रायगडात आलात आणि पोपटी खाल्ली नाही, तर आलातच कशाला? मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला चोळलेलं चिकन, वर पुन्हा पाला. मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती गवत-गोवऱ्या पेटवायच्या. किती वेळ? पुन्हा तोच, अर्धा ते पाऊण तास. घड्याळ न बघता पाण्याचा थेंब टाकून मडकं झालं की नाही ते वाडीच्या मालकीणबाईंनी ओळखलं.

एक वाजता गजर लावून सगळे टॉर्च घेऊन बनाच्या कडेला गेलो. संध्याकाळी जिथं त्या मुलांचे तंबू होते तिथं लाट येऊन परत जात होती. ती मुलंही आमच्या शेजारी उभी होती. कुणीच काही बोललं नाही. धाकट्यानं फक्त माझा हात घट्ट धरला.

दुसरा दिवस : ताटातला समुद्र

शनिवारी द्वितीया, ओहोटी साडेसातला. उजाडता उजाडता किनाऱ्यावर गेलो तर बायका आमच्या आधी हजर. वाकून वाळू उकरत तिसऱ्या गोळा करणं चाललेलं. एका मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "पाणी जायला लागलं की यायचं आणि परत फिरलं की टोपली उचलायची. पाण्याशी भांडायचं नाय." पौर्णिमा-अमावस्येच्या दिवसांत सूर्य आणि चंद्र यांचं आकर्षण एकाच रेषेत येतं. पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. त्याला आपण उधाणाची भरती म्हणतो. एरवी पाण्याखाली असणारी वाळू तेव्हा उघडी पडते, म्हणून या बायकांचा कामाचा आठवडा सोमवारी सुरू होत नाही, पौर्णिमेला होतो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा पाणी कमी उतरतं आणि तिसऱ्याही कमी मिळतात.

नंतर बाजारात गेलो. मुलांच्या हातात यादी नव्हती, पट्टी होती. सप्टेंबर २०२३ मध्ये रुपेरी पापलेट आपला राज्य मासा झाला, हे सामान्यज्ञानात येऊन गेलंय. त्याच वर्षी शासनानं ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली, हे मात्र फारसं कुणाला माहीत नसतं. पापलेटसाठी ती १३५ मिलिमीटर, म्हणजे साडेतेरा सेंटिमीटर. कारण सोपं आहे. माशाला आयुष्यात एकदा तरी अंडी घालू द्या, मग खा.

मोठीनं एका वाट्यातलं पापलेट मोजलं. बारा सेंटिमीटर. "मावशी, हे लहान आहे." मावशी रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बाय, जाळ्यात काय पट्टी घेऊन शिरतात व्हय ते? आलं ते आलं. तुम्ही गिऱ्हाइकांनी बारकं घ्यायचं सोडा, मग आपोआप बंद होईल." आम्ही ते घेतलं नाही. पण त्यांच्या बोलण्यावर परतीच्या वाटेवर बराच वेळ चर्चा झाली. जाळ्याचा आस लहान असेल तर बारकं अडकणारच, मग नियम मोजपट्टीचा हवा की जाळ्याचा? सातवीतली मुलं यावर फार छान बोलतात, बोलू द्या त्यांना.

बाजारात मुलांनी आणखी काय काय शिकलं, ते थोडक्यात. ताज्या माशाचे कल्ले लाल, डोळे स्वच्छ, अंगावर बोट दाबलं की खड्डा राहत नाही. बोंबील आणि जवळा बहुतेक डोल जाळ्यात मिळतो. हे जाळं पाण्याच्या ओढीवर चालतं, म्हणजे तेही भरती-ओहोटीचंच काम. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ आणि दर्याही खवळलेला. मग नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून होड्या पुन्हा पाण्यात लोटायच्या. आणि चिंबोऱ्या मागितल्या तर मावशी म्हणाल्या, "आत्ताच पुनव झाली, पोकळ निघतील. अवसेला ये, भरलेल्या देते." हे खरं की समजूत? त्यासाठी एक उपक्रम खाली दिला आहे.

दुपारी वाडीत चूल पेटली. तिसऱ्या मिठाच्या पाण्यात ठेवून वाळू सोडवली, मग उकडल्या. ज्या उकडूनही उघडल्या नाहीत त्या टाकून दिल्या, हा नियम मुलांना नीट सांगा. न उघडलेली तिसरी खायची नाही. आगरी मसाला, खोबऱ्याचं वाटण, दोन-चार आमसुलं टाकून रस्सा केला. बोंबलांना मीठ-हळद लावून पाटाखाली दाबून पाणी काढलं, तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर टाकले. सोबत तांदळाची भाकरी. सहकारी बाई शाकाहारी, त्यांच्यासाठी वालाचं बिरडं. धाकटा, जो घरी मासा बघून नाक मुरडतो, त्यानं तिसऱ्यांचा रस्सा तीनदा वाढून घेतला. स्वतः पाहिलेली टोपली ताटात आली की चव बदलते, असं माझं मत झालंय.

तिसरा दिवस : पुन्हा किल्ला

रविवारी तृतीया. ओहोटी सव्वाआठला. ज्या किल्ल्याच्या वाटेवर आम्ही घाबरलो होतो, तिथंच परत जायचं असं मीच ठरवलं होतं. मोठी म्हणाली, "मी काठावर थांबते." मी आग्रह केला नाही. पुठ्ठा तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "वेळ तूच सांग. तू म्हणशील तेव्हा जायचं, तू म्हणशील तेव्हा परतायचं." तिनं दोनदा हिशोब केला. काठावरच्या घोडागाडीवाल्या दादांना विचारून ताळा केला. मग म्हणाली, "साडेसातला निघू. सव्वानऊला परत काठावर. एक मिनिट जास्त नाही."

शिवाजी महाराजांनी या किल्ल्याचं काम सुरू करवलं, पुढे सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचं हे मोठं ठाणं झालं. ज्या किल्ल्याचा खंदक दिवसातून दोनदा भरतो आणि दोनदा रिकामा होतो, त्याला वेढा घालणाऱ्यालाही तिथी पाहावी लागली असणार! इतिहासाच्या तासाला हे सांगितलं की मुलं नकाशाकडे वेगळ्या नजरेनं बघतात.

नऊला मोठीनं सगळ्यांना हाक मारली. मला अजून एक बुरूज पाहायचा होता. ती म्हणाली, "आई, नाही." आम्ही निघालो. वाळू ओली होती, पण पाणी नव्हतं. काठावर पोचून मागं वळून पाहिलं तर दगडांच्या फटींत पाणी शिरायला लागलं होतं. आमच्या हिशोबात आणि समुद्रात अर्ध्या तासाहून कमी फरक होता.

जे सांगायलाच हवं

आता गंभीर गोष्ट. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात सहलीला आलेल्या पुण्याच्या १४ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा बुडून मृत्यू झाला. सहल नेणाऱ्या प्रत्येक शिक्षकानं ती तारीख लक्षात ठेवावी. मी कॅलेंडर काढून पाहिलं. त्या दिवशी अष्टमी होती, म्हणजे भांगाचे दिवस, जेव्हा पाण्याचा चढ-उतार सगळ्यात कमी असतो. म्हणून कुणी असं समजू नये की भांगाच्या दिवसांत समुद्र सुरक्षित असतो. पाऊणकी पाण्याची वेळ सांगते. खड्डे, प्रवाह, वारा हे ती सांगत नाही.

पालकांनी आणि शिक्षकांनी एवढं पाळावं :

१. पाऊणकी हा अंदाज आहे. रोजचा उशीर सारखा नसतो, उधाणाच्या दिवसांत कमी आणि भांगाच्या दिवसांत जास्त असतो. म्हणून अंदाज काढा आणि भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्याशी किंवा वर्तमानपत्रातल्या वेळेशी ताडून बघा.
२. त्यानंतर स्थानिक माणसाला विचारा. तो नको म्हणाला तर नको.
३. मुलं गुडघ्याच्या वर पाण्यात नाहीत. ओहोटी लागलेली असताना तर नाहीच, तेव्हा पाणी आत ओढतं. अंधार पडल्यावर कुणीच नाही.
४. मोठ्यांपैकी एक जण काठावर, फक्त मुलं मोजायला. त्याच्या हातात मोबाईल नको.
५. प्रवाहात सापडलं तर काठाच्या दिशेनं झुंजायचं नाही. तरंगत राहायचं, हात वर करायचा, किनाऱ्याला समांतर सरकायचं. हे मुलांकडून घरीच बोलून घ्या.
६. बुडणाऱ्याला वाचवायला हाताला हात धरून साखळी करून आत शिरू नका. दोरी, रिकामा कॅन, चेंडू, जे तरंगेल ते फेका आणि जीवरक्षकांना किंवा ११२ ला बोलवा.

वर्गातले उपक्रम

पहिली तासिका : मुलांना घरच्या कॅलेंडरवरून पुढच्या पंधरा दिवसांच्या तिथी लिहून आणायला सांगा. पाऊणकीनं वेळा काढा. मग त्याच तिथींना चार पंचमांशाने गुणा. दोन्ही उत्तरांतला फरक तिथीगणिक कसा वाढतो, त्याचा आलेख काढा.

दुसरी तासिका : बाराव्या भागाचा नियम. ३ मीटर, ४ मीटर आणि साडेचार मीटर भरतीसाठी दर तासाला पाणी किती चढेल? स्वतःच्या उंचीवर खडूनं खूण करा. कोणत्या तासात पाणी कमरेला येईल?

तिसरी तासिका : बाजारभेट. पट्टी घेऊन पाच मासे मोजा, नावं स्थानिक बोलीत लिहा. शाकाहारी घरातल्या मुलांनी विक्रेत्यांशी बोलून मासेमारी बंदीच्या काळात त्यांचं घर कसं चालतं ते लिहून आणावं. हा उपक्रम कुणावर सक्तीचा नको.

चौथी तासिका : चिंबोरीची परीक्षा. ज्यांच्या घरी चिंबोऱ्या येतात त्यांनी पौर्णिमेच्या आणि अमावस्येच्या आठवड्यात सारख्या आकाराच्या चिंबोऱ्यांचं वजन करावं. मावशींचं म्हणणं टिकतं का? एकदा नाही, निदान चार महिने करा. मत बनवायची घाई नको.

आमच्या पनवेलच्या मुलांसाठी जास्तीचा गृहपाठ : पनवेल हे जुनं बंदर, आपल्या खाडीतही भरती येते. ती पाऊणकीच्या वेळेवर येते की उशिरा? किती उशिरा, आणि का? खाडीच्या पुलावरून, मोठ्यांसोबत, सुरक्षित जागेवरून बघून लिहा.

आता माझ्या वर्गात फळ्याच्या कोपऱ्यात तारखेखाली तिथी लिहिलेली असते आणि तिच्यापुढे भरतीची वेळ. ती लिहायचं काम रोज एका विद्यार्थ्याचं. पनवेलच्या शाळेत भरतीची वेळ कशाला, असं एका पालकांनी विचारलं. मी म्हटलं, यातलं प्रत्येक मूल कधी ना कधी सुट्टीत समुद्रावर जाणारच आहे. तेव्हा मी सोबत नसेन, पाऊणकी असेल.